रांगेला खिडकी

१२ डिसेंबर, शुक्रवार

"तुज्या पेटीत काय चालतंय ते तुला ठावं. आमाला काय दिसतंय?" — नंदाबाई आज फोनवर फाडकन बोलली. वर आणखी, "राजेश्वरीला शनवारी ही मोठाली आर्डर, अन् आमच्या वाट्याला दोन ताटं. आसं कसं गं हिराबाई?"

माझा चहा तोंडातच राहिला. मी आणि राजेश्वरीला झुकतं माप! त्या पोरीला मी रस्त्यात ओळखणारसुद्धा नाही.

पण रागावून काय करू? तिचं खरंच आहे. लोहगडवाडीच्या टपरीवाल्या बायकांना काहीच दिसत नाही. गडावर येणारी माणसं आदल्या दिवशी आमच्या नंबरला मेसेज टाकतात — इतकी ताटं, पिठलं-भाकरी, अमक्या वेळी. तो मेसेज इथं कुसगावात, आमच्या जिन्याखालच्या जुन्या कॉम्प्युटरात येऊन पडतो. तिथं मी रांग लिहून ठेवली आहे. आधी आला तो पुढे. जिच्या टपरीची पाळी, तिला रांग मेसेज धाडते. तिनं एक मिस कॉल दिला की 'घेतली'. दोन दिले की 'झालं, जेवून गेले'. मिस कॉल आलाच नाही तर रांग जरा थांबते आणि पुढचीला देते. पाळी ऑर्डरीची, ताटांची नाही. एखादीला दोन ताटं येतात, एखादीला अख्खी बस — नशीब ज्याचं त्याचं.

पूर्वी या बायका गाडीतळावर ट्रेकवाल्यांच्या बॅगा दोन्हीकडून ओढायच्या. रांग आली आणि ते थांबलं. आता एकीची चूल पेटली की दुसरी पाणी भरून देते.

लोणावळ्याच्या एक्स्चेंजात ट्रंक कॉल लावायचे तेव्हा दुसरं काय करत होते मी? चिठ्ठ्या ओळीनं लावायच्या, लाइन मोकळी झाली की पुढची उचलायची. त्याच जोरावर तर रिटायर झाल्यावर, नातीची टाकून दिलेली पुस्तकं चाळत चाळत हे कॉम्प्युटरचं शिकले. पण त्या चिठ्ठ्या टेबलावर सगळ्यांना दिसायच्या! ही रांग म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, तीही मला एकटीलाच वाचता येणारी.

नंदाबाई शेवटी म्हणाली, "दिसंल आसं कर. न्हाईतर आमी आपलं पयल्यावानी."

म्हणजे परत बॅगा ओढणं. नको गं बाई!

१३ डिसेंबर, शनिवार

ठरलं. रांगेला खिडकी पाडायची. वेबचं पान करायचं. मोबाइलवर उघडलं की कुणाची पाळी, कुणाला काय गेलं, कुणी घेतलं — सगळं उघडं.

यांना सांगितलं. यांचा जन्म रेल्वेत गेला, सगळीकडे रूळच दिसतात. शेंगा फोडता फोडता म्हणाले, "म्हणजे चालत्या गाडीला डबा जोडणार तू."

"हो. तुम्ही हिरवा बावटा दाखवा म्हणजे झालं."

बावटा नाही, पण मूठभर शेंगा दाखवल्या.

पायलला फोन. नात माझी, पुण्यात मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. "आजी, हे सगळं तयार मिळतं गं!" मी म्हटलं, "तयार तर भाकरीपण मिळते." हसली पोरगी. मग तिनं नीट सांगितलं. रांगेतल्या प्रत्येक गोष्टीला एकेक पत्ता द्यायचा. अख्ख्या रांगेचा एक पत्ता, प्रत्येक बाईच्या पाळीचा एक. पत्ता म्हणजेच लिंक. फोननं पत्ता मागितला की आपल्या कॉम्प्युटरनं पान वाढायचं.

वाढायचं! हे मला जमणारं काम आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

पान उघडलं. त्यावर एकच शब्द — 'चूक'. तरी आनंद झाला! उघडलं तर!

१६ डिसेंबर, मंगळवार

रांग पानावर आली. मराठीत! नावं, ताटं, वेळ. शेजारी 'थांबलीय', 'घेतली', 'झालं'. यांना बोलावून दाखवलं. चष्मा वर करून, खाली करून पाहिलं, आणि म्हणाले, "स्टेशनवरच्या पाटीसारखं झालंय." यांच्याकडून याहून मोठं कौतुक आजवर कुणाला मिळालेलं नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

पायलशी वाद.

ती म्हणते, "आजी, वेबवर मागणं दोन तऱ्हेचं असतं. एक नुसतं बघायचं. एक काहीतरी करायचं. दोन्हींची गल्लत करायची नाही. लिंक उघडली की ऑर्डर नुसती दिसू दे. घ्यायची असेल तर खाली बटण ठेव."

मी म्हटलं, "तुमच्या पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कधी भाकरी थापलीय का?"

"म्हणजे?"

म्हणजे असं, की चुलीपाशी बसलेल्या बाईचे दोन्ही हात पिठात. फोनला एकदा बोट लावायचं म्हणजे एकदा हात धुवायचा, पदराला पुसायचा. तिला दोनदा उठवायचं कशाला? फोनच्या दर्शनी भागावर जिचं तिचं चित्र ठेवून देते. त्यावर एकदा बोट टेकलं की तिची लिंक उघडली, ऑर्डर समोर, आणि रांगेत 'घेतली' अशी नोंद. बटण नको, मिस कॉल नको. काम झाल्यावर तेवढं 'झालं' दाबायचं, निवांत.

पायल म्हणाली, "बघ बाई. रीत नाही ती."

रीत कुणाची? मी माझ्या बायकांसाठी करतेय. "जयभीम आजी," म्हणून ठेवला फोन. रागावली नाही, पण उसासा ऐकू आला मला.

२१ डिसेंबर, रविवार

लोहगडवाडीला जाऊन आले. दुपारी गर्दी ओसरल्यावर सगळ्या बायका नंदाबाईच्या टपरीत जमल्या. एकेकीच्या फोनवर चित्र बसवून दिलं. नंदाबाईला चूल, राजेश्वरीला तवा, भागुबाईला ताकाचा तांब्या.

भागुबाईची टपरी सगळ्यात शेवटी, पायऱ्या सुरू होतात तिथं. वयानं सगळ्यांत थोरली तीच. ताक तिच्या हातचंच प्यावं. तिनं फोन पदरानं पुसला आणि विचारलं, "ह्यात माजं नाव हाय व्हय?"

"आहे की. हे बघ — भागुबाई."

"अन् हे जगात कुटूनबी दिसंल?"

"कुठूनही. दिल्लीहूनसुद्धा."

"दिल्ली ऱ्हाऊ दे. परंदवडीला दिसंल का? लेक हाय माजी तितं. जावाय म्हनतो, आत्याचं दुकान म्हंजी चार बांबू. दावतेच त्याला!"

सगळ्या खो खो हसल्या. राजेश्वरी म्हणाली, "आत्याबाई, आता तुमचं शोरूम झालं."

नंदाबाई तेवढी हसली नाही. अख्ख्या रांगेचं पान ती बोटानं वर-खाली करून किती तरी वेळ पाहत होती. शनिवारचं, रविवारचं, सगळं. मग म्हणाली, "बरं हाय. आता कुनाला बोलाया जागा न्हाई." तिच्या तोंडून एवढं म्हणजे हार-तुरेच. नंदाबाई आणि भागुबाई एकाच साली लग्न होऊन वाडीत आलेल्या. एकाच झऱ्यावर पाणी भरलं. भागुबाईनं तिला कोपरानं ढोसलं — "आता तरी हस की गं, भवाने!" तेव्हा हसली.

रांगेनं बायकांना मेसेज धाडणं आजपासून बंद केलं; आता चित्रावर बोट ठेवूनच बघायचं. एकाच ऑर्डरीचे दोन निरोप नकोत. येताना ताक प्यायले. दोनदा.

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी उठते तर भागुबाईचा मेसेज. दव पडलेला गुलाब, 'शुभ सकाळ', आणि खाली चिकटवलेली तिची लिंक — 'माजं दुकान बगा'. चिकटवायला जावयानं शिकवलं म्हणे. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

२५ डिसेंबर, गुरुवार

आज कमळ. लिंक आहेच.

पान झकास चाललंय. पायलला मुद्दाम कळवलं.

२७ डिसेंबर, शनिवार

चिंचवडची मंडळी गड उतरून आली आणि जेवणच नाही! लहान मुलं बरोबर. ऑर्डर कालच रांगेत आली होती. मी पान उघडलं — 'घेतली — भागुबाई'. भागुबाईची चूल थंड. राजेश्वरीनं घाईनं पोहे करून वेळ मारून नेली.

विसरली असेल. माणूस आहे, विसरतं.

२८ डिसेंबर, रविवार

आज परत तेच. शाळेतली मास्तर मंडळी आली होती. 'घेतली — भागुबाई'. आणि भागुबाई टपरीत नुसती ताक घुसळत बसलेली.

नंदाबाईचा फोन. "दाबून ठेवती ती आर्डरी. न्हाई झेपत तर सोडून द्यावी. आपल्याला न्हाई तर कुनालाच नगं, हा कुटला न्याव?"

मी म्हटलं, "विचार तरी तिला."

"काय इचारायचं? हितं ल्हिलंय की. तूच दावलंस."

मीच दाखवलं. खरं आहे.

३० डिसेंबर, मंगळवार

भागुबाईचा फोन आला. आज फुलाचा नाही, बोलायचा.

"हिराबाई, मला आलीच न्हाई गं ती आर्डर. तांब्यावर बोट ठिवलं तर रिकामं. म्हनलं, आज पाळी नसंल."

मी पान उघडून बसलेच होते. "भागुबाई, इथं तर दिसतंय गं. सकाळी घेतलेली दिसतेय. तुझ्याच लिंकवरून."

मागं कुणाची तरी शेळी ओरडत होती. मग हळूच म्हणाली, "दिसतंय व्हय? मग दिसत आसंल."

ठेवला फोन.

मी कॉम्प्युटरात पुन्हा पुन्हा पाहिलं. तिच्या लिंकवरून मागणं आलंय, तिच्याच फोनवरून आलंय. यंत्र खोटं कशाला बोलेल? त्याला कुणाचा काय राग!

१ जानेवारी, गुरुवार

नवं वर्ष. बायका देवळापुढं जमल्या आणि ठरवून मोकळ्या झाल्या. भागुबाईला रांगेतून काढायचं. नंदाबाईनं मला फोन करून सांगितलं. आवाज कोरडा. मी म्हटलं, "थोडं थांबू या का?" तर म्हणाली, "रांग सगळ्यांची का एकीची?"

एक नाव पुसलं. कॉम्प्युटरनं 'नक्की का?' एवढंसुद्धा विचारलं नाही. विचारायचं मीच त्याला शिकवलं नव्हतं.

यांना जेवताना सांगितलं. यांनी भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला.

३ जानेवारी, शनिवार

राजेश्वरीकडून कळलं — भागुबाईनं टपरीवरची ताडपत्री उतरवली. ताकाचा डेरा शेजारी ठेवायला दिला आणि परंदवडीला लेकीकडे निघून गेली. जाताना कुणाशी बोलली नाही. नंदाबाईच्या दारावरूनच वाट जाते. तिथूनही बोलली नाही.

फुलं बंद झाली आहेत सकाळची.

४ जानेवारी, रविवार

शनिवार-रविवार एकही ऑर्डर हरवली नाही. सगळे जेवून गेले. नंदाबाई म्हणाली, "बगितलंस?"

बघितलं. म्हणजे तसंच होतं म्हणायचं. मन मात्र ऐकत नाही. इतकी वर्षं चांगली असलेली बाई एका आठवड्यात कशी बदलेल?

६ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी धुणं वाळत घालून बसले होते. राजेश्वरीच्या फोनवरचं तव्याचं चित्र उडालं होतं. म्हटलं, तिची लिंक तिला व्हॉट्सअ‍ॅपवर परत पाठवावी. कॉम्प्युटरवर रांगेचं पान उघडंच होतं. राजेश्वरीच्या नावापुढे एक ऑर्डर — 'थांबलीय'. फोनमध्ये लिंक चिकटवली. चिकटवल्याबरोबर खाली ती छोटी चौकट आली, पानाचं नाव घेऊन — 'राजेश्वरीची पाळी'. येते ना ती नेहमी, कुठलीही लिंक चिकटवली की.

आणि समोर पडद्यावर अक्षरं बदलली. 'घेतली — राजेश्वरी'.

मी पाठवलंच नव्हतं अजून! बोट हवेत होतं माझं!

लिंक पुसली. पायलच्या नावानं एक खोटी ऑर्डर रांगेत टाकली, पाळी नंदाबाईची आली. नंदाबाईची लिंक चिकटवली. चौकट आली. 'घेतली — नंदाबाई'. नंदाबाई बिचारी तिकडे आपली झऱ्यावर असेल.

दव पडलेला गुलाब. कमळ. रोज सकाळी, लेकीला, जावयाला, विहिणीला, मला — माजं दुकान बगा. चिकटवलं की ऑर्डर गेली. ती तिनं पाहिलीच नाही. नंतर तांब्यावर बोट ठेवलं की रिकामं — एकदा घेतलेली ऑर्डर लिंकवर परत दिसतच नाही, ती अख्ख्या रांगेच्या पानावर जाते.

उठून पाणी प्यायले. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "मी एका बाईवर आळ घेतला." आणि मग रडूच आलं मला, या वयात, मोरीच्या दारात.

७ जानेवारी, बुधवार

पायलशी बोलले. ती म्हणाली, "आजी, लिंक चिकटवली की फोन आधी स्वतःच जाऊन डोकावून येतो. नाव आणायला, चित्र आणायला. त्याला वाटतं, नुसतं बघणं आहे, बघण्यानं काय बिघडतंय?"

आणि माझ्या घरी बघणं म्हणजेच उचलणं! मागणं दोन तऱ्हेचं, गल्लत करू नकोस, असं पोरीनं आधीच सांगितलं होतं. 'मी म्हटलं होतं' असं एका शब्दानं बोलली नाही. तिची आईसुद्धा अशीच. मी असते तर बोलले असते.

८ जानेवारी, गुरुवार

दुरुस्त केलं. लिंक उघडली की ऑर्डर नुसती दिसते. हजार वेळा उघडा, चिकटवा, फुलांत गुंडाळून दिल्लीला पाठवा — रांगेतली काडी हलत नाही. घ्यायची असेल तर बटण. आणि बटण केवढं? फोनभर! भाकरीएवढं गोल. बोट कशाला, पिठाच्या मुठीच्या पाठीनं, कोपरानं दाबावं. हे हसले — "हे बटण नाही, परात आहे." हसू दे. नाव पुसताना कॉम्प्युटर आता विचारतो — 'तिच्याशी बोललात का?' हे मी माझ्यासाठी घातलंय.

भागुबाईचं नाव परत रांगेत घातलं. फोन लावला. उचलत नाही.

११ जानेवारी, रविवार

लोहगडवाडी. सगळ्यांना बोलावलं आणि उभी राहून सांगितलं — चूक माझी. भागुबाईनं एकही ऑर्डर दाबली नव्हती. राजेश्वरीच्या फोनवर जुनी तऱ्हा करून दाखवली. लिंक चिकटवली, हात वर केला, आणि पडद्यावर 'घेतली'. राजेश्वरी म्हणाली, "अगं बाई. भूतच की हे!"

"भूत नाही, मी," मी म्हटलं.

एकीनं विचारलं, "मग आत्याबाईंना आनायचं कोनी?" सगळ्यांचे डोळे नंदाबाईकडे. ती चुलीत लाकूड सरकवत होती. सरकवायची गरज नव्हती, जाळ चांगला होता.

"माज्याकडं काय बगता? चूक हिच्या पेटीची. ल्हिलं हुतं ते मी वाचलं. मी काय केलं?"

मी पिशवी उचलली आणि घरी आले.

१३ जानेवारी, मंगळवार

परंदवडीला गेले. आज भोगी. भागुबाईच्या लेकीकडे तीळ लावलेल्या भाकरी चालल्या होत्या. मला पाहून भागुबाई उठली नाही, पण पाट सरकवला.

सगळं सांगितलं. फुलांचं, चौकटीचं. ऐकता ऐकता पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. हसत होती!

"म्हंजी माज्या गुलाबानं खाल्ली व्हय आर्डर?"

"हो गं. मला माफ कर."

"तुला काय माफ करायचं? तू मशिनवाली. तुला मशिनीनं सांगितलं, तू मानलं." मग भाकरी उलटली आणि तिच्याकडे बघत बोलली, माझ्याकडे नाही. "नंदीचं तसं न्हाई. तिचं बाळतपन मी केलंया. माज्या मालकाला नेलं तवा तिनं मला धरून ठिवलं हुतं. ती चार पावलांवर ऱ्हाती. तिनं फोनमधी इचारलं, सगळ्यास्नी इचारलं. मला इचाराया न्हाई आली."

"तू परत चल. नाव घातलंय रांगेत."

"ऱ्हाऊ दे. हितं बरी हाय. लेक कंपनीत जाती, पोराकडं बगाया मानूस लागतंय."

लेक मागून म्हणाली, "रोज फोन घेऊन त्या रांगेच्या पानावर बसलेली असते, मावशी. ऑर्डर कुणाची, झालं का, बघते."

"गप गं!" भागुबाई ओरडली.

भाकरी बांधून दिली यांच्यासाठी. दारापर्यंत आली. पुढं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

नंदाबाईला फोन केला. म्हटलं, एक फोन कर तिला. "मी करू? जाताना दारावरनं गेली, हाक न्हाई मारली. तिनं करावा."

दोघी सारख्याच मेल्या! रांगेला शिकवता येतं, या दोघींना नाही.

१८ जानेवारी, रविवार

बटण फक्कड चाललंय. राजेश्वरी खरोखर कोपरानं दाबते. एका पुण्याच्या माणसानं ऑर्डरीत लिहिलं — 'भाकरी मऊ, पिठलं कमी तिखट, बायको तापट, वेळेवर द्या.' सगळ्या बायकांनी ते वाचून काढलं. पान उघडं असण्याचा हा फायदा!

भागुबाईची पाळी आली की मात्र रांग थोडं थांबते आणि पुढचीला देते. तिचं नाव मी काढलेलं नाही. कुणी काढायलाही सांगितलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

नवं काम — ऑर्डर आता पानावरूनच टाकता येते. मेसेज नको. पायल म्हणाली, "शाब्बास आजी, आता रांगेची दोन्ही टोकं वेबवर." हे म्हणाले, "डबा जोडला वाटतं एकदाचा."

२३ जानेवारी, शुक्रवार

सव्वीसला जोडून सुट्टी, रांग तुडुंब. सकाळी पान उघडलं. सगळ्यात शेवटी एक आलेली —

'भागुबाई. परंदवडी. आयतवारी दुपारी. दोन ताटं. येक मी जेवनार. येक जिची पाळी आसंल तिनं माज्यासंगं बसून जेवायचं.'

मी तिथंच थांबले. पाळी आपली आपण पडली. नंदाबाई! मी बोटसुद्धा लावलेलं नाही, कुणीही येऊन बघावं.

'थांबलीय'. कितीतरी वेळ 'थांबलीय'. चहा गार. हे मागं येऊन उभे राहिले.

मग 'घेतली'.

आणि लगेच नंदाबाईचा फोन. नेहमीसारखाच, फाडकन. "काय धड ल्हिलं न्हाई हिनं! भाकर तांदळाची का बाजरीची? दात दुकत्यात तिचं, बाजरीची चावंल का? तू नगं सांगू मधी. ठिव. मी तिला लावते."